‘परतले’चा रकाना

३ तारीख, सोमवार

त्या बसवाल्याला मी सोडणार नाही. हॉटेलच्या दारात उतरवतो म्हणाला आणि उतरवलं कुठे, तर पार खालच्या वळणावर, एका पाटीखाली. वर मलाच सांगतो, बाई, पुढे चढ आहे, गाडी तापते. गाडी तापते आणि माझं डोकं तापत नाही होय? एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी आणि पायात नवी चप्पल, तीही चावणारी. निम्म्या चढावर बसून मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ऐकायला एक गाय होती. तिने मान हलवली, म्हणजे तिला पटलं असावं.

पण हॉटेल दिसलं आणि राग उतरला, खोटं कशाला लिहू. दुमजली कौलारू घर, मागे भाजीचा मळा, मळ्याच्या टोकाला लाकडी फाटक आणि फाटकापलीकडे नुसता डोंगर. मला खोली मिळाली ती स्वयंपाकघराच्या वर, त्यामुळे भिंत कायम उबदार. नळाला गरम पाणी. आजवर सहा घरांत आणि दोन खानावळींत राबले, पण आतून कडी लावता येईल अशी खोली पहिल्यांदाच मिळाली. कडी चारदा लावून बघितली.

ही वही मालकीणबाईंनी दिली. माझं मुख्य काम इथे रजिस्टर लिहिण्याचं, आणि माझं अक्षर चौथीत शाळा सुटली तिथेच थांबलेलं. रोज एक पान लिही, काहीही लिही, हात वळेल, असं म्हणाल्या. तुम्ही वाचणार का, असं मी सरळ विचारलं. गरज पडली तर, म्हणाल्या. वाचा बापड्या. मी मनात एक आणि वहीत एक अशी बाई नाही.

४ तारीख, मंगळवार

इथे लोक चालायला येतात. नुसतं चालायला. मी जन्मभर चालले, मला कुणी त्याबद्दल मऊ गादी दिली नाही.

तीन वाटा आहेत. ओढ्याची, जंगलाची आणि माथ्याची. तिन्ही त्या मागच्या फाटकातून निघतात आणि तिथेच परत येतात. पाहुणा बूट घालायला बसला की मी त्याच्यापुढे उभी राहून नियम सांगायचे. वाट सोडायची नाही. पाणी आणि शिट्टी जवळ ठेवायची. फाटक उघडलं तर आपल्यामागे लावायचं, कुणाची गुरं बाहेर पडली तर शिव्या हॉटेलला पडतात. गाय आणि तिच्या वासराच्या मधून जायचं नाही. खाल्लेल्याचे कागद खिशात घालून परत आणायचे. धुकं उतरायला लागलं की जिथे असाल तिथून माघारी. मला हे काम आवडलं. शिकल्यासवरल्या माणसांना दटावायचं आणि त्यांनी हो हो म्हणायचं, असं सुख मला कुठे मिळणार?

रजिस्टरमध्ये चार रकाने. नाव, वाट, निघाले, परतले. परतलेल्या माणसापुढे मी टिक करायची. पण त्याची केवढी तऱ्हा. माणूस फाटकातून आत आला पाहिजे, त्याचा चेहरा मी समोरून बघितला पाहिजे, त्याने स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे, आणि मगच टिक. मालकीणबाईंनी हे मला तीनदा म्हणून दाखवायला लावलं. मी म्हटलं, बाई, मी लहान नाही. त्या हसल्या नाहीत.

सध्या तीनच पाहुणे. एक नवं जोडपं, ते एकमेकांकडे बघत चालतात, त्यांना वाट कशी दिसते देव जाणे. आणि एक काठी टेकत चालणारे निवृत्त मास्तर. त्यांना चहात साखर चालत नाही आणि मी केलेला चहाही चालत नाही. आज दोनदा परत पाठवला. संध्याकाळी फाटकाशी त्यांना नाव विचारलं तर म्हणतात, बाई, हजेरी घेण्यात माझा जन्म गेला, आता तुम्ही माझी घ्या.

मालक मात्र देवमाणूस. दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून असतात. काही विचारलं की गोड हसतात. तीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला ऐकला नाही, असं आचारी सांगत होता. अशा नवऱ्याची बाई इतकी आंबट कशी, मला कळत नाही.

६ तारीख, गुरुवार

मालकीणबाई आज डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात गेल्या. रविवारी, सोळा तारखेला येणार. गाडीत बसताबसता काच खाली करून पुन्हा तेच. आधी चेहरा, मग नाव, मग टिक.

आणि आनंदाची बातमी. बारकीचा फोन आला. ती नऊ तारखेला येते, चांगली आठ दिवस राहणार. वीस तारखेपासून तिची नोकरी सुरू होते, सरकारी दवाखान्यात, पांढऱ्या कपड्यातली. बारकी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही तीन वर्षांची होती, तेव्हापासून माझ्या पदराला. मी लग्न केलं नाही ते हिच्यापायी, असं लोक म्हणतात. तसं नाही, मला कुणी विचारलंच नाही. पण मला पोर मिळाली आणि तिला मी. आम्ही दोघी सकाळी उठल्यापासून भांडतो. तिला राग आला की ती मला मावशी म्हणत नाही, मावशे म्हणते. दिवसातून वीस वेळा तरी म्हणते.

७ तारीख, शुक्रवार

दिवसभर पाऊस. संध्याकाळी सूप चुलीवर, पाव भट्टीत, आचारी कांदा चिरता चिरता बोट कापून बसलेला, आणि तिघं पाहुणे अजून बाहेर. पावसात मळा ओलांडून फाटकाशी जाऊन उभं राहायचं? खिडकीतून बघितलं तर दोन रेनकोट फाटकातून आत शिरलेले दिसले, तिसरा अजून डोंगरावर. पुरे झालं. रजिस्टर ओढलं आणि तिघांपुढे टिक करून टाकली. आले की आलेच ना.

आले. जोडपं चिंब भिजून शिंकत आलं. मास्तर थोड्या वेळाने आले आणि न बोलता टेबलाशी बसले. काठी कुठे विसरली विचारलं तर हसले. चहा दिला. सगळा प्याले. घाईत मी साखर घातली होती, ते नंतर लक्षात आलं.

जेवणाआधी आचाऱ्याला काय झालं कोण जाणे, त्याने रेडिओ लावला, इतका मोठ्याने की भांडी थरथरायला लागली. मी बंद केला. त्याने पुन्हा लावला. आमची जुंपली. बहिरा होशील म्हटलं तर म्हणाला, झालो तर बरंच.

८ तारीख, शनिवार

मास्तरांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना घरी घेऊन गेला. जाताना मास्तरांनी मला नमस्कार केला, चहाला एक शब्द बोलले नाहीत. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, इथली हवा बाबांना मानवली, स्वभावच बदलला. मी म्हटलं, आणा पुन्हा.

सकाळी भाजी काढायला गेले तर मास्तरांची काठी सापडली. फाटकाला अडकवून ठेवलेली. पण पलीकडच्या बाजूने. माणूस फाटकातून आत येणार आणि काठी बाहेर अडकवणार? म्हातारपण, दुसरं काय.

९ तारीख, रविवार

बारकी आली. त्याच बसवाल्याने तिला दारात आणून सोडलं. मेला.

वाळली आहे. मी म्हटलं, काय खातेस काय? ती म्हणाली, मावशे, तुझ्यासारखी वेळेवर शिव्या घालणारी तिथे कुणी नाही, जेवण अंगी लागत नाही. ताटातलं गाजर नेहमीसारखं काढून माझ्या ताटात टाकलं. बरं वाटलं. जोडपंही आज गेलं, घर मोकळं आहे. तिची खोली माझ्या शेजारी लावली.

१० तारीख, सोमवार

बारकी माथ्याच्या वाटेने गेली. नियम सांगायला लागले तर म्हणाली, पुस्तकच छाप. पण रजिस्टरमध्ये नाव घातलंच. नियम म्हणजे नियम.

संध्याकाळी पुन्हा पाऊस. मी कपाटातल्या चादरी उतरवून घड्या घालत होते, अर्धं काम झालेलं. म्हटलं, आपलीच पोर आहे, तिचा काय चेहरा बघायचा. टिक केली आणि घड्या घालत बसले. चादरी संपेपर्यंत आली. मी तिथूनच ओरडले, बूट पुसून ये. हो मावशी, म्हणाली.

११ तारीख, मंगळवार

बारकी बरी नाही. ताप नाही, पण बरी नाही.

सकाळी तिचे बूट पुसायला घेतले तर कोरडे. तळाला चिखलाचा कण नाही. काल एवढा पाऊस होता. दुपारी मुद्दाम गाजराची भाजी केली, सगळी खाल्ली. मी म्हटलं, काल ओली होऊन आलीस, डोकं पुसायला अक्कल लागते का. नुसती हसली. मग मी तिला जे बोलू नये ते बोलले, तिच्या आईवरून बोलले, भांडावी म्हणून. ती म्हणाली, खरं आहे मावशी.

दुपारभर व्हरांड्यात मालकांच्या शेजारी बसली होती. दोघंही डोंगराकडे बघून हसत होते. एकदम हसायचे आणि एकदमच थांबायचे.

दिवस मावळताना आचाऱ्याने पुन्हा रेडिओ लावला, शुक्रवारपासून रोज लावतो तसा.

१२ तारीख, बुधवार

आज मी रेडिओची वायरच उपटली. मग ऐकू आलं.

मळ्याच्या टोकाकडून आवाज. आधी वाटलं, गुराखी. खिडकी उघडली. मास्तरांचा आवाज होता. मास्तर, ज्यांना मुलगा शनिवारी घरी घेऊन गेला.

“बाई, माझं नाव तुम्ही काय लिहिलंय? तेवढं वाचून दाखवा. मला आठवत नाही.”

आणि त्यांच्या मागून दुसरा आवाज. रडका आणि चिडलेला.

“मावशे, किती वेळ झाला! उघड ना!”

मी धावत वर गेले. बारकी तिच्या खोलीत केस विंचरत बसली होती.

तशीच खाली स्वयंपाकघरात आले. आचारी तिथेच खाली मान घालून उभा होता. त्याला गदागदा हलवलं तेव्हा बोलला. माणूस परतायच्या आधी टिक केली की त्याची जागा भरते. येतं ते दिसायला तेच असतं. खरं माणूस फाटकापाशी येतं, पण त्याला आत येता येत नाही, कारण रजिस्टरमध्ये ते आधीच आलेलं आहे. सात संध्याकाळ हाका मारतं. रोज थोडं थोडं विसरतं. सातवीनंतर हाक असते, पण त्या हाकेत माणूस नसतो.

मला आधी का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाला, आधी सांगितलं तर कुणी खरं धरत नाही. आणि मास्तर बाहेर राहिल्यावर सांगितलं असतं तर तुम्ही पळून गेला असता, मग ते रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं असतं.

सोमवारपासून सात. रविवार. बारकीकडे रविवारपर्यंत वेळ आहे.

दवाखान्यात फोन लावला. मालकीणबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, “टिक आधी केली होतीस?” हो म्हटलं. मग म्हणाल्या, “जी घरात आहे तिला जेवायला घाल. सवय होते. माझे यजमान तीस वर्षं बाहेर आहेत आणि तीस वर्षं माझ्यासमोर खुर्चीत बसलेत.”

टिक पुसायची कशी, तेवढं सांगा, असं मी ओरडले. रविवारी आले की बोलू, म्हणाल्या आणि फोन ठेवला.

१३ तारीख, गुरुवार

रबराने पुसली. पुन्हा आहे. ब्लेडने खरवडली, कागद फाटला, खालच्या पानावर तीच टिक. पान फाडून चुलीत घातलं. दुपारी रजिस्टर उघडलं तर पान जागेवर, शिवलेलं, आणि टिक. माझ्याच हातची, शेपूट लांब.

संध्याकाळी फाटक सताड उघडून उभी राहिले. समोर कुणी नाही, ओलं गवत फक्त. आवाज मात्र हातभर अंतरावर. बारके, हात दे, म्हटलं आणि हात पुढे केला. बोटं लागली. थंडगार, पण तिचीच, करंगळीवरचा भाजल्याचा व्रण मी चाचपला. धरून ओढलं. जीव खाऊन ओढलं. भिंत ओढावी तसं. मग सुटली.

ती म्हणाली, मावशे, तू ओढतेस का ढकलतेस? मला हसू आलं आणि रडू आलं.

मास्तरांचा आवाज आज नुसताच. शब्द नाही. लांबून गाय हंबरावी तसा.

मागे वळले तर ती दुसरी मळ्यात उभी होती. कोबीच्या वाफ्यात. हसत. तू कोण आहेस गं, विचारलं.

“तूच तर मला आत घेतलंस मावशी.”

१४ तारीख, शुक्रवार

दवाखान्यात सहा वेळा फोन. बाई विश्रांती घेत आहेत. बाई झोपल्या आहेत. बाई बोलणार नाहीत.

आचारी सकाळी निघून गेला. टोपी खुंटीवरच आहे. नवे पाहुणे दारातून परत पाठवले, खोल्यांत ढेकूण झालेत असं सांगून.

मालकांना विचारलं, तुम्ही खरे मालक नाहीच ना? हसले. मान हलवली. हो म्हणून.

संध्याकाळी फाटकापलीकडून बारकीने विचारलं, मावशे, माझ्या आईचं नाव काय होतं? सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. अंधारेपर्यंत सांगत राहिले.

१५ तारीख, शनिवार, सकाळ

एक सुचलंय. टिक पुसली जात नाही, राहू दे. पण जी आत आहे ती पुन्हा बाहेर गेली तर? नवी ओळ. नाव बारकीचं, वाट माथ्याची, निघाली आज. परतले — कोरं. मग जागा मोकळी. माथ्यावर नेऊन सोडते हिला. धुक्यात, वाट सोडून. सगळे नियम मीच मोडते. मग फाटकाशी खरी येईल, चेहरा बघेन, नाव विचारेन, आणि मग —

हिला विचारलं, फिरायला येतेस का. लगेच हो. आनंदाने बूट घालायला गेली.

रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहिल्या. तिची. माझी. शाल घ्यायला वर आले.

१५, दुपार

खाली गेले होते. ती रजिस्टरपाशी बसलेली. पेन तिच्या हातात. दोघींच्या पुढे टिक.

आम्ही अजून निघालोच नाही.

तिने पेन नीट टोपण लावून ठेवलं. म्हणाली, आता घाई नाही मावशी.

कडी लावून लिहितेय. खाली कुणीतरी चालतंय. डावी चप्पल फरफटत — माझी फरफटते. चुलीवर भांडं आपटलं. कुणीतरी मालकांना दटावतंय, पाय पुसून आत यायला काय होतं. माझा आवाज. आणि हसणं, तिघांचं —

बाहेर अजून ऊन आहे, तरी हाक येतेय. आज लवकर. मावशे म्हणत नाही. आज नुसतं, कुणी आहे का, कुणी आहे का —

मागच्या जिन्याने जाते. इथे राहून त्या परकीला पोर म्हणायचं नाही मला. बारकी एकटी आहे. तिला तिचं नाव सांगत राहीन. मला आठवतंय तोवर.

मालकीणबाई, गरज पडली तर वाचेन म्हणाला होतात. पडली आहे. उद्या या. आल्यावर जी बाई दार उघडेल ती मी नाही, तिच्याशी बोलू नका. थेट फाटकाशी या. टिक कशी पुसतात ते तुम्हाला माहीत असणार, तीस वर्षं कुणी उगाच गप्प बसत नाही. माहीत असून मालकांची पुसली नाहीत ना? का? उत्तर मला उद्या पाहिजे. रविवारी, दिवस मावळायच्या आत. उगाच गोल गोल नको. मी फाटकापलीकडे उभी असेन, बारकीचा हात धरून. आधी तिला नाव विचारा. ती चुकली तर मी सांगेन. मग मला विचारा. माझं नाव —

जिन्यावर चप्पल. कडी आतून आहे, तरी —

रविवारी, मालकीणबाई. माझं नाव